गजाला लावलेला साबण

ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितली नाही. कोणी मुलांच्या वाद्यवृंदाचा विषय काढला की मी पावसापाण्याचं बोलायला लागायचो.

डिचोलीत मी बरीच वर्षं मुलांना व्हायोलिन शिकवलं. युरोपातलं जुनं बरोक संगीत कोवळ्या बोटांना झेपत नाही, म्हणून मी त्याची सोपी मांडणी करायचो. जलद सुरांच्या जागी सावकाश सूर ठेवायचे, अवघड उड्या काढून टाकायच्या, प्रत्येक रांगेला झेपेल तेवढंच द्यायचं. या कामाचा मला फार अभिमान होता.

पाळी गावची एक मुलगी शेवटच्या रांगेत बसायची. बाप सिंधुदुर्गातला, खाणीवर ट्रक चालवणारा. तिचं बोट सुराच्या किंचित खाली पडायचं आणि ती तालाच्या मागे राहायची. तिच्यापुरता नुसत्या मोकळ्या तारांचा, डाव्या हाताची बोटं न लावता वाजेल असा भाग लिहिला असता तर भागलं असतं. पण त्यानं माझी मांडणी पोरकट दिसेल असं मला वाटलं. पणजीहून पाहुणे यायचे होते. कार्यक्रमाआधी मी तिचा व्हायोलिनचा गज मागून घेतला, त्याच्या घोड्याच्या केसांवरची राळ पुसली आणि वर कोरडा साबण फिरवला. राळ नसली की गज तारेवरून घसरतो, आवाज निघत नाही.

ती शेवटपर्यंत वाजवत राहिली, आवाजाशिवाय. मान एकदाही वर केली नाही. नंतर बाप इस्त्रीच्या शर्टात माझ्याकडे आला. लेकीच्या कौतुकानं म्हणाला, "मास्तरांनू, इतक्या सगळ्यांत माका माझ्या चेडवाचोच आवाज ऐकाक इलो."

ती बाजूला उभी राहून गजाच्या केसांवरून बोट फिरवत होती. त्यानंतर ती शिकायला आली नाही. एका मुलीचं संगीत आपण संपवलं, हे मनात धरून मी म्हातारा झालो.

मध्यंतरी नात वाजवणार म्हणून धारगळच्या शाळेत गेलो. मुलांसमोर उभी राहून ताल देणारी बाई तीच होती, माझ्या शेवटच्या रांगेतली. मुलं तसलंच जुनं संगीत वाजवत होती, सोपं केलेलं. मागे एक चिमुरडी एकच मोकळी तार ओढत होती आणि बाकीच्यांचे सूर तिच्या त्या सुरावर टेकले होते.

कार्यक्रम संपल्यावर ती आपणहून माझ्याकडे आली, वाकून नमस्कार केला. तुमच्याकडून सुटल्यावर म्हापशाला चर्चमधल्या एका मास्तरांकडे शिकले, बाबा शेवटपर्यंत ट्रकमधून सोडायला यायचे, असं सगळं सांगत होती. मग त्या चिमुरडीकडे बघून म्हणाली, "सर, सगळ्यांत आधी मी तिचा भाग लिहिते. आणि गजांना राळ माझ्या हातानं लावते."

ती हसत होती. बोलण्यात टोमणा नव्हता. तिला पहिल्यापासून माहीत होतं, आणि तरीही ती वाजवत राहिली होती. मला फार हलकं वाटलं.

"मुलं तालात होती," एवढंच मी बोललो. तेवढ्यात कोणीतरी तिला हाक मारली. जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं, ते असं:

बाय, तुझ्या गजाला साबण मी लावला. कमी तू पडली नव्हतीस, चार सोपे सूर लिहायला मी कमी पडलो. मला माफ कर.