मामी आणि तिचं सेरोटोनिन

माझ्या थोरल्या मामीइतकं ताठ मानेनं आजारी पडलेलं माणूस अख्ख्या रत्नागिरीत सापडायचं नाही. ती मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात शिरली की कोळणी सुरमईचा भाव आपणहून उतरवायच्या, आणि तिच्या हापूसला नावं ठेवणारा पाहुणा चहाविना परत जायचा. अशी ही बाई एका वर्षी गप्पच झाली. जेवण जाईना, झोप लागेना, पोट कायम बिघडलेलं. नातेवाइकांनी दृष्ट काढली, देवाला गाऱ्हाणं घातलं. शेवटी मामाने तिला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं, तेही मागच्या दाराने.

डॉक्टरांनी समजावलं, सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं. मन, झोप, भूक, सगळीकडे त्याचा हात. मेंदूत असतं, आणि आतड्यांत तर ढीगभर. "पण सगळा दोष त्याच्या एकट्याचा नसतो," असंही ते म्हणाले. मामीने तेवढं नेमकं ऐकलं नाही. गोळ्यांनी हळूहळू उतार पडला, तशी ती सेरोटोनिनबद्दल नाठाळ दिराबद्दल बोलावं तसं चारचौघांत बोलू लागली. "आज रुसलाय मेला!" मामा काकुळतीने म्हणायचा, "अगो, ॲसिडिटीची गोळी म्हणून सांग ना." "का म्हणून? तुम्ही चष्मा काय टोपीखाली लपवता?"

मग लेकीचा साखरपुडा ठरला. त्या दिवशी, आज तरी बोलू नकोस, म्हणून सगळ्यांनी हात जोडले. मामीने मान डोलावली आणि ऐन पंगतीत पर्समधून गोळी काढली.

"बीपी का?" व्याह्यांनी सहज विचारलं.

"नाही हो, डिप्रेशन. चालणार नसेल तर आत्ताच सांगा, मोदक वाढायचे थांबवते."

मामाने डोळे मिटून घेतले. व्याह्यांनी उचललेला घास परत ताटात ठेवला. लेक पांढरीफटक पडली, पण आईच्या शेजारून हलली नाही. तेवढ्यात नवऱ्या मुलाने ताट पुढे सरकवलं. "मला दोन वाढा. तूप जरा जास्त."

जेवणं उरकल्यावर विहीणबाई मामीजवळ येऊन बसल्या. मग हलकेच म्हणाल्या, "मलापण झोप लागत नाही हो. कधीपासून. घरात कुणाला बोलले नाही."

मामीने खुर्ची जवळ ओढली. इतक्या मऊ आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "सांगा," ती म्हणाली. आम्ही मांडवातल्या खुर्च्या एकावर एक रचत आणल्या. त्या दोन मात्र तशाच राहू दिल्या.