काकू काय म्हणाल्या?

"नाई व, तशी नाई हाय ते. नेपाळी असून बी मोठी साफसुथरी पोट्टी हाय. बाथरूम पाह्यजो कवा येऊन, आपल्या पोरींपेक्षा चांगलं ठेवते."

घरमालकीण काकू आंजी गावात दिलेल्या आपल्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. आवाज नेहमीसारखा अंगणभर. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर होते. माझ्या मागे, ओल्या कपड्यांची बादली घेऊन, ज्या मुलीबद्दल हे चाललं होतं तीच होती. मी वळून पाहिलं नाही. गच्चीत पोचल्यावर तिनं पांढरा ॲप्रन झटकून दोरीवर टाकला, चिमटा लावला आणि विचारलं, "काकू काय म्हणाल्या?"

"तुझं कौतुक करत होत्या," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. काकू खरंच कौतुक करत होत्या, आणि बहिणीला पटवून देत होत्या की ही भाडेकरू चांगली आहे. मी फक्त शब्द गाळले आणि मतलब पोचवला. हे मी त्या दिवशी स्वतःला दोनतीनदा सांगितलं.

वर्ध्यात सावंगीच्या रस्त्यावरचं हे घर काका-काकूंचं. काका एसटीतून निवृत्त झालेले. वरच्या दोन खोल्यांत आम्ही चार मुली राहतो आणि काकू दोन वेळचं जेवण देतात. मी एका लॅबमध्ये कॉम्प्युटरवर रिपोर्ट चढवण्याचं काम करते. माझ्या खोलीतली ही मुलगी अरुणाचलची, नर्सिंगला. ती आणि मी हिंदीत बोलतो, मधूनमधून इंग्रजीत. काकूंची हिंदी म्हणजे आपली वऱ्हाडीच, शेवटी 'है' लावलेली. त्यामुळे पहिल्या आठवड्यापासून दोघींच्या मधे मी आले.

ते काम मला सवयीचं होतं. मी तळेगावची. वडिलांनी मला गाडी लावून इंग्रजी शाळेत घातलं, आणि चौथीपासून शेजारपाजारचे लोक औषधाची खोकी, बँकेची पत्रं, मोबाइलवरचे मेसेज घेऊन माझ्याकडे येऊ लागले. मजकूर कोणालाच नको असायचा. घाबरायचं की नाही, एवढंच हवं असायचं. मी वाचून तेवढं सांगायचे. एरवी चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, पण दुसऱ्याचं बोलणं इकडून तिकडे न्यायला मला कधी भीती वाटली नाही. त्यात आपलं काही नसतं.

एकदा पोळ्या लाटता लाटता काकूंनी तिला विचारलं, "काऊन व, तुमच्याकडं साप-बेंडकं बी खातेत म्हणते. खरं हाय का?" काका पेपरामागून हसले, बाकीच्या दोघी हसल्या. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"घरी जेवायला काय असतं, विचारताहेत," मी म्हणाले.

मग तिनं हात हलवून खूप वेळ सांगितलं. भात, उकडलेला पाला, शेतातल्या पाण्यात पाळलेले मासे, बांबूचे कोवळे कोंब. ते मी काकूंना सांगितलं, तसं त्यांचं लाटणं थांबलं. "म्हंजे वास्ते. अवं, आमच्या मावशीकडं चांद्याले पावसाळ्यात तेच राह्यते." पुढच्या आठवड्यात त्यांनी वर्ध्याच्या बाजारात वास्ते शोधले. मिळाले नाहीत, तर तेही येऊन तिला सांगितलं. त्या दिवशी सगळे खूश होते, आणि हे माझ्यामुळे झालं असं मला वाटलं होतं.

तिला टायफॉइड झाला तेव्हा काकू दिवसातून चारदा जिना चढल्या. त्यांचे गुडघे धड नाहीत. मऊ भात, मुगाचं पाणी, तेल लावून विंचरलेले केस. "माय दूर हाय बिचारीची," म्हणायच्या. एका दुपारी ती ग्लानीत पडली होती. काकूंनी वाकून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "हिचे डोळेच समजत नाई व मले, उघडे हायेत का झाकले." आणि स्वतःशीच थोडं हसल्या. तिनं ओठ हलवले. "क्या बोला?"

"झोप म्हणताहेत."

मागच्या महिन्यात काकांनी आम्हा चौघींचे फॉर्म भरले. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते, ते. सकाळी डबा घ्यायला खाली गेले तर फॉर्म टेबलावरच होते. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात तिघींच्या पुढे 'भारतीय' आणि तिच्या पुढे 'नेपाळी'. निळ्या पेनानं, काकांच्या सुबक अक्षरात. काका बाहेर नळावर दाढी करत होते. 'काका, इथं चुकलंय' एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. पण काकांशी मी आपणहून कधीच बोलले नव्हते. मग मनाशी म्हटलं, मागे आधारची झेरॉक्स टोचली आहे, तिथं बघतीलच. डबा उचलला आणि कामावर गेले.

दहाबारा दिवसांनी पोलीस ठाण्यातून एक शिपाई आले. वयस्क, सभ्य माणूस. नेपाळचं नागरिकत्वाचं ओळखपत्र बघायला मागत होते. ती नुकतीच ड्युटीवरून आली होती, पायात अजून मोजे होते. तिनं आधार दाखवलं, कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं. ते म्हणाले, समजलं, पण कागदावर लिहून आलं आहे, तर ठाण्यात येऊन जबाब द्यावा लागेल. काकांचा चेहरा पडला. काकू पदराला हात पुसत पुढे आल्या.

"साहेब, आता चेहऱ्यावरून कोणालेबी तसंच वाटन नं. आमच्या मनात काई नवतं."

शिपाई हसले. काकाही ओशाळं हसले. तिनं हळूच मला विचारलं, "काय म्हणाल्या?"

"चूक झाली म्हणताहेत."

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग चपला घातल्या आणि काकांच्या स्कूटरवर बसून गेली.

दुपार कलल्यावर ती परत आली. काकांनी वाटेत तिला उसाचा रस पाजला होता, खूपदा माफी मागितली होती. ती पलंगावर बसली, मोजे काढले, घडी घालून उशाशी ठेवले. आणि म्हणाली, "चेहऱ्यावरून कोणालेबी तसंच वाटन म्हणे."

अगदी काकूंच्याच हेलात.

"मले समजते," ती म्हणाली. मग हिंदीत म्हणाली की वॉर्डात आर्वीकडची, समुद्रपूरकडची म्हातारी माणसं असतात, कुठं दुखतं ते वऱ्हाडीतच सांगतात. किती दिवस समजणार नाही?

"कधीपासून?"

"टायफॉइडच्या आधीपासून."

म्हणजे डोळ्यांचंही. मी विचारलं, "मग मला का विचारायचीस?"

"आधी कळत नव्हतं म्हणून. नंतर तू काय सांगतेस ते पाहायला."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. दोन पाळ्या करून आलेल्या माणसाचा आवाज होता तो. मी म्हणाले, तुला वाईट वाटू नये म्हणून. ती म्हणाली, वाईट तर वाटलंच, आधी त्यांचं ऐकून, मग तुझं ऐकून. मी म्हणाले, काकूंच्या मनात तसं काही नसतं.

"माहीत आहे. आजारात केसांवरून कोणाचा हात फिरायचा ते माहीत नाही का मला? म्हणून तर अवघड आहे. वाईट बाई असती तर महिनाभरात खोली सोडली असती." मग म्हणाली, "नेपाळी ही शिवी नाही. माझ्या वर्गात नेपाळची मुलगी आहे, चांगली आहे. पण मी ती नाही. ऑटोवाला विचारतो, पेशंट विचारतो, बँकेत विचारतात. प्रत्येकाला मी हसून सांगते. घरी आल्यावर शब्द ऐकायचा, मग त्यामागचं चांगलं मन शोधायचं, मग हसायचं. रोज. आता नाही होत."

हॉस्टेलमध्ये एक जागा रिकामी झाली होती. रविवारपर्यंत कळवायचं होतं. ती म्हणाली, "तू सांगशील त्यांना? मी सांगितलं तर त्या रडतील आणि मलाच त्यांची समजूत काढावी लागेल. त्यांना काय म्हणायचं होतं ते नको सांगूस. काय म्हणतात ते सांग. नाही जमलं तर मी जाते. तुझ्यावर राग नाही."

या घरात, खरं तर या गावात, मी बोलते अशी ती एकटी.

रविवारला चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी काकूंचीच बाजू जास्त मांडली, मनातल्या मनात. त्यांनी हे द्वेषानं म्हटलं असतं तर मी पहिल्या दिवशीच समजले असते, कदाचित घरही सोडलं असतं. म्हणजे मनात काय आहे त्यानं फरक पडतोच. काकूंना काय शिक्षा द्यायची, त्यांच्याशी पुढं कसं वागायचं, हे त्यावरूनच ठरणार. पण लॅबमध्ये एखाद्याच्या रिपोर्टवर दुसऱ्याचं नाव पडतं तेव्हा मुद्दाम केलं का, हे आधी कोणी विचारत नाही. आधी त्या माणसाला बोलावून रिपोर्ट बदलून देतात. काकांनीही मुद्दाम लिहिलं नव्हतं, आणि तरी तिला ठाण्यात जाऊन सांगावं लागलं की मी याच देशाची आहे. आणि मी? माझं मन तर सगळ्यांत चांगलं होतं. दीड वर्ष मी चांगल्या मनानं तिला फसवलं. याच्यापुढे माझा विचार जात नव्हता, थकून तिथंच बसायचा.

रविवारी ती ड्युटीवर गेल्यावर मी खाली गेले. काकू ओसरीत तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होत्या. मी समोर बसून सोलायला घेतल्या.

"ते जाऊन राह्यली म्हणते हॉस्टेलले," काकूच म्हणाल्या. "दुसऱ्या खोलीतल्या पोरीनं सांगतलं. मले नाई सांगतलं तिनं. काऊन व? जेवणाचं काई कमी पडलं का?"

"जेवणाचं नाही."

"मंग ते पोलिसाचं मनाले लावून घेतलं का? आता यायनं का मुद्दाम लिवलं? तिले म्या कधी परकी समजली का? नेपाळी म्हणतो आपण, ते लाडानं म्हणतो. घरात पोराले काळ्या नाई म्हणत का?" त्यांच्या हातातली शेंग फुटली, दाणे ताटाबाहेर गेले. ते गोळा करता करता त्या म्हणाल्या, "माह्या पोरीच्या सासरी पुण्याले मी गेलती नं, तं तिची जाऊ माह्यं बोलणं पोराइले करून दाखवे. मले, तुले, हावो करून. सगळे हासत. पोरगी माही तिथंच उभी राहे, ते बी काई नाई बोले. म्हणे, आई, त्यायच्या मनात काई नसते. मी का रुसून गावाले आली? राह्यली नं पंधरा दिवस?"

त्यांचा स्वर चढला नव्हता. डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं, ते आलं नाही. त्या नुसत्या शेंगांच्या ढिगाकडे बघत होत्या. मला उठून जावंसं वाटलं. जिन्यावरून वर जायचं आणि ती ड्युटीवरून आली की सांगायचं, काकू समजल्या, एवढं सोपं होतं.

"तुले तं माह्यं मन माहीत हाय," काकू म्हणाल्या. "तू सांगजो तिले. तुले सांगता येते."

काकूंकडे न बघता, शेंगेकडे बघूनच मी बोलले.

"नाही सांगणार, काकू. तुम्ही नेपाळी म्हणता ते तिला लागतं. डोळ्यांचं म्हणता, चेहऱ्याचं म्हणता, ते लागतं. लाडानं म्हटलं तरी तेवढंच लागतं. तिला तुमचं सगळं समजतं, टायफॉइडच्या आधीपासून. दर वेळी मीच तिला दुसरं काहीतरी सांगत आले. फॉर्मवर चुकीचं लिहिलेलं पण मी पाहिलं होतं. पुण्याला तुम्हाला हसले तेव्हा तुमच्या बाजूनं कोणी बोललं नाही, ते वाईट झालं, काकू. इथं दीड वर्ष मी पण नाही बोलले."