ग्रीक खासदार आणि एक औक्षण

सिंगापूर पोलिसांत मी आयुष्य काढले, पण ते प्रकरण अजून विसरलेलो नाही.

सेरंगून भागातल्या एका फ्लॅटमधून तक्रार आली. सात वर्षांची मुलगी खाली खेळायला गेली ती परतलीच नाही. आई पुण्याची, बँकेत नोकरीला. वडील ग्रीक. पूर्वी इथे जहाज कंपन्यांचे वकील होते. घटस्फोटानंतर मायदेशी गेले, विभक्त आईबापांच्या मुलांचे खटले लढून नाव कमावले आणि त्या नावावर खासदार झाले. मुलीच्या वाढदिवसासाठी ते नुकतेच इथे आले होते. त्यातच ठाण्यात निनावी फोन आला: मुलगी एका गोऱ्या माणसाबरोबर टॅक्सीत बसताना दिसली.

आम्ही त्यांना हॉटेलातून उचलले. चौकशीत त्यांनी वकील मागितला नाही, पासपोर्ट स्वतःहून टेबलावर ठेवला. ग्रीसमध्ये एव्हाना बोंब झाली होती. मुलांच्या हक्कांवर संसद गाजवणाऱ्यानेच मुलगी पळवली म्हणून. राजकारणी माणूस, सोंग छान वठवतो, असे माझे सहकारी म्हणत होते. तेवढ्यात त्यांनी आमच्यासमोर मोबाइलवरूनच राजीनामा पाठवून दिला.

"खासदार म्हणून मला सांभाळून घेऊ नका," ते म्हणाले. "बाप म्हणून काय हवे ते विचारा. पण तिला शोधा."

दुसऱ्या दिवशी मुलीचा वाढदिवस. मी जबाबासाठी पुन्हा फ्लॅटवर गेलो. आईचे डोळे रडून सुजले होते. तिच्या आई, म्हणजे मुलीच्या आजी, बाहेरून आल्या. देवळात गेले होते, म्हणाल्या. हातातली पिशवी ठेवताना कलंडली आणि निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, अक्षतांची डबी बाहेर आली. वात जळलेली होती, तुपाचा वास ताजा होता. सुपारी-अंगठी घेऊन देवळात कोण जाते? माझ्या आईने दर वाढदिवसाला मला याच सामानाने ओवाळले आहे.

"काकू, कोणाला ओवाळून आलात?"

त्यांनी सगळे सांगून टाकले. लेकीला यातले काहीच ठाऊक नव्हते. निनावी फोनही आजींचाच. बाप नातीला कायमची घेऊन जाईल, या भीतीने त्यांनी तिला शहराच्या उत्तरेला, यिशुन भागात मैत्रिणीकडे लपवले होते. पण वाढदिवस ओवाळल्यावाचून जाऊ देणे त्यांना जमले नाही.

यिशुनला मुलीच्या कपाळावर कुंकू होते, केसांत तांदळाचे दाणे. पापा आले का, असे तिने मला इथल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारले, "अंकल, पापा कम ऑलरेडी?"

तोवर ग्रीसमध्ये राजीनामा मंजूर झाला होता.

खोटी माहिती दिल्याबद्दल आजींवर कारवाई होणार होती. तेव्हा मुलीचे वडील माझ्या वरिष्ठांसमोर उभे राहिले आणि आजींसाठी तासभर बोलले. आजींना ताकीद देऊन सोडले.

गुन्हेगार कोण हे चेहऱ्यावरून ठरवू नये, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. मला ते पटले निवृत्तीच्या तोंडावर. खुर्ची गेल्यावर त्या माणसाने पहिली वकिली केली, ती जिच्यामुळे खुर्ची गेली तिची.