अक्काचे हात

"उजेडात धर," अक्का म्हणायची. आपण लाटलेला पापड मुकाट्याने खिडकीकडे धरायचा. ती मान तिरकी करून बघायची आणि निकाल द्यायची, "जाड शे."

उन्हाळ्यात आमच्या अमळनेरच्या गल्लीत उडदाचे पापड आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. जी ती आपलं पोळपाट-लाटणं घेऊन येते. अक्का मात्र हात पदराखाली घेऊन दारातच बसायची. तिच्या हातांना इसब झाला होता. कातडी तडकायची, खाजवून रक्त यायचं. हे एकाचं दुसऱ्याला होत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय, असं तिने घरोघर सांगून पाहिलं. ऐकतंय कोण! कोपऱ्यावरच्या वहिनीने फर्मान काढलं, अक्काने पिठाला हात लावायचा नाही. निरोप द्यायला मला पाठवलं, मी शिकलेली, शाळेत शिकवते म्हणून. गेले की मीही, शेपूट हलवत.

"तू शिकेल शे ना?" अक्का एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज हजर. "हातले मनाई शे, तोंडले नही," म्हणत प्रत्येकीचा पापड नापास करायची. वहिनीला तर एकदा रडवलं तिने. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

आमची भिंतीला भिंत, म्हणून मला सगळं दिसायचं. वासाचा साबण तिने घरातून हाकलला. अंघोळ कोमट पाण्याने, आणि अंग ओलसर आहे तोवरच मलम. भांडी घासताना रबरी हातमोजे, त्यांच्या आत सुती. मिरची-लसूण सून चिरायची. वर्षभरात हात लख्ख झाले. गल्लीची मनाई काही उठली नाही.

मग वहिनीच्या मुलीचं लग्न निघालं. पापड कमी पडले, ते स्टेशनजवळच्या बचत गटातून आणले. काय पापड होते हो! कांद्याच्या सालीइतके पातळ. अक्का पंगतीत फिरून एकेकीला विचारत होती, कसा लागला? हे लाटणारीचे हात सोन्याने मढवायला हवेत, असं वहिनी स्वतःच्या तोंडाने म्हणाली.

पुढच्या आठवड्यात आम्ही लाटायला बसलो, तेव्हा अक्काने सांगितलं, "त्या पापड मना हातना व्हतात." बचत गटात ती कधीपासून जात होती. पापडखाराने हात चरचरतात म्हणून पीठ दुसरी कोणी मळायची, अक्का नुसती लाटायची. वहिनी चूळ भरायला नळाकडे धावली. आठवडा उलटल्यावर!

"हात दखाडा," अक्का म्हणाली. आम्ही सगळ्यांनी, मला मास्तरणीला धरून, तपासणीला उभ्या केलेल्या पोरींसारखे हात पुढे केले. तिने न शिवता एकेकीचे पाहिले. कुणाच्या हातावर साधं पुरळ नव्हतं. शेवटी वहिनीने आपलं पोळपाट तिच्यापुढे सरकवलं. अक्काने ते पायाने परत लोटलं.

पुढे मुलाची बदली झाली आणि ती धुळ्याला गेली. गेल्या वर्षी तिथेच वारली. त्याआधी एकदा मी भेटून आले होते, माफी मागायलाच गेले होते. तिने चहा केला, गल्लीतल्या एकेकीची चौकशी केली. निघताना मला राहवेना, मी तिचे हात धरायला गेले. तिने ते मागे घेतले.

"ऱ्हाऊ दे," ती हसून म्हणाली, "इसब व्हई जाई तुले."