शिवाजी पेठेतला उत्तर ध्रुव

कोल्हापुरात बसून उत्तर ध्रुवाची काळजी वाहणारा माणूस माझ्या धाकट्या मामांशिवाय दुसरा झाला नाही, आणि होईल असंही वाटत नाही. मामा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. गावाच्या चारी बाजूंना ऊस डोलत असताना या गृहस्थांचा जीव जडला तो कुठे, तर जिथे वर्षातला बराच काळ बर्फ असतो आणि उरलेल्या चार दिवसांत बोटभर उंचीची झाडं घाईघाईने फुलून घेतात, तिथल्या वनस्पतींवर! नॉर्वेतल्या एका साहेबाशी त्यांची देवघेव चाले. मामा पन्हाळ्याच्या कातळावरची झाडं वाळवून पाठवायचे, साहेब तिकडची पाठवायचा. आता झाडं नीट वाळायची तर ती कागदांच्या घडीत घालून वर जड वजन ठेवावं लागतं, आणि मामांच्या घरात सगळ्यात जड वस्तू म्हणजे मामींचा पाटा. त्यामुळे रविवारी मटण शिजत आलं तरी मसाला वाटायचा कशावर, हा प्रश्न असायचाच. "अहो, तुमची झाडं उठली का?" मामी स्वयंपाकघरातून विचारायच्या. "झोपू दे अजून," मामा पुस्तकातून मान वर न करता सांगायचे.

एकदा साहेबाकडून खडकावर उगवणाऱ्या कसल्याशा राखाडी, चुरचुरीत वनस्पतीचं पुडकं आलं. ऐन उन्हाळा, मामींची वर्षाची चटणी, म्हणजे रश्श्यात घालायचा तिखट मसाला, करायची धांदल. त्यांनी ते दगडफूल समजून तेलात परतलं आणि मिरच्यांबरोबर कुटून आणलं की हो! मामांनी पुडक्यासाठी घर उलटंपालटं केलं, माळा उपसला, आणि शेवटी मामींच्या चेहऱ्याकडे बघून काय ते समजले. आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. मामांनी वाटीतला त्याच चटणीचा तांबडा रस्सा भुरकला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हे तिकडं हरणं खातात. बिचाऱ्यांना रस्सा करता येत नाही." शेजारच्या दोन घरांनी त्या वर्षी मामींकडे पुन्हा चटणी मागितली.

पण मामांचा खरा जीव एका भांडणात अडकला होता. फार पूर्वी तो उत्तरेचा मुलूख बर्फाखाली गेला. मग तिथली झाडं साफ मेली आणि बर्फ वितळल्यावर दक्षिणेकडून नवी आली, की बर्फातून डोकं वर काढलेल्या सुळक्यांवर काहींनी तग धरला? जगातले विद्वान यावर दोन तट करून बसलेले. मामा तग धरणाऱ्यांच्या बाजूचे, आणि तेही कडवे. दिसेल त्याला धरून ते हा प्रश्न घालायचे. तालमीच्या कट्ट्यावर एकदा त्यांनी वस्तादांनाच गाठलं. वस्तादांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "मास्तर, जागा सोडली की कुस्ती गेली. ऱ्हायली असणार की!" मामांनी त्याच दिवशी साहेबाला कळवलं, की येथील जाणकारांचेही हेच मत आहे.

असे हे मामा माझ्या आयुष्यात एकदाच मध्ये पडले. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मी इंटर पास झाले होते. पुढे बी.एस्सी. करायचं माझ्या मनात, आणि यंदा मला उजवून टाकायचं आमच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, मनात. माझ्या कमी उंचीमुळे दोन स्थळं परत गेली होती. कागलचं तिसरं स्थळ आलं तेव्हा आबांनी बजावलं, "हे जमलं की कॉलेज बंद." जमू नये असं देवाला म्हणावं, तर आईचा चेहरा बघवत नव्हता. माझं मन नुसतं कासावीस झालं होतं.

पाहुणे आले. मुलाचे चुलते चांगले धिप्पाड शेतकरी. पोहे झाल्यावर म्हणाले, "ऊठ की पोरी जरा. चौकटीला टेकून उभी ऱ्हा." मी उभी राहिले. त्यांनी लांबूनच अंदाज घेतला. "शिकल्याली हाय, नाकीडोळी बरी हाय, पर उंची लईच कमी हाय की हो, पावणं."

कोपऱ्यात बसलेले मामा तडक उठले, समोरच्या आपल्या घरात गेले आणि जाड कागदावर चिकटवलेलं, मुळासकट वाळलेलं एक चिमुकलं झाड घेऊन आले. मामा वर्गात शुद्ध बोलत. तापले की पेठेचं बोलत. "पंचगंगेच्या काठाला वाळुंजाचं झाड बघितलंय न्हवं? त्याचा ह्यो बर्फातला चुलतभाऊ. रोप न्हवं, पुरं वाढल्यालं झाड हाय. थितलं वारं सुटलं की उंचाचं मोडतंय. ह्यो जमिनीला धरून हाय, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जगलाय!"

चुलते वैतागले. "अवो मास्तर, आम्ही झाड बघायला आलोय व्हय?"

"मी बी तेच इचारतोय. पोरीला चौकटीला लावून माप घेताय, मला वाटलं लाकूड न्यायला आलाय!"

आबांनी हातातली कपबशी खाली ठेवली. मामा माझ्याकडे वळले. "भाकरी येती का, शिवण येतं का, सगळं इचारून झालं. तुला काय पायजे ते कुणी इचारलं? मी इचारतो. बोल."

मी चौकटीपासून बाजूला झाले. मग म्हणाले, "मला बी.एस्सी. व्हायचंय."

चुलत्यांनी पटका सारखा केला. "मग शिकवा की तिला," ते म्हणाले. रागावले नव्हते. "आमच्यात येऊन भाकरीच थापाव्या लागतील." आणि पाहुणे निघून गेले.

"तुमच्या त्या बर्फानं पोरीचं नशीब गोठवलं," एवढं बोलून आबांनी मामांशी अबोला धरला. मामा मात्र रोज संध्याकाळी यायचे आणि आबांसमोर पाट टाकून, दुखवट्याला बसावं तसे गप्प बसायचे. शेवटी आबाच कंटाळले. "न्या बाबा तिला," म्हणाले.

कॉलेज उघडलं त्या दिवशी मामांनी माझा हात धरून मला जिना चढवला. पोरं हसत होती. वर्गाच्या दाराशी त्यांनी हात सोडला, "जा आत," म्हणाले आणि आपण बाहेर खांबाशी उभे राहिले. मी पदवीधर झाले, शाळेत शिकवू लागले, पुढे मनासारखं लग्नही झालं. मामा उत्तरेला पुण्यापलीकडे कधी गेले नाहीत. आता तर ते नाहीतच. हयातीत उपकाराचं नाव काढलं की अंगावर यायचे, म्हणून आता मोकळेपणाने म्हणते, मामा, तुमचे फार उपकार झाले.

अजून कुठल्याही लग्नात "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" असा पुकारा झाला, की सगळ्या बायका बोहल्याकडे माना वळवतात. माझ्या डोळ्यांपुढे मात्र कॉलेजचा तो जिना येतो, आणि मग पुढचं काही दिसत नाही.