लिंडव्हालबाईंचे ठिपके

लिंडव्हालबाई आमच्या गावच्या डेअरीत दुधाची फॅट काढायच्या. मिनेसोटातल्या आमच्या हाउगडालमध्ये गाई नसलेलं घर सापडणं कठीण, त्यामुळे बाईंशी प्रत्येकाचा कधी ना कधी खटका उडालेला. फॅट कमी लागली म्हणून कुणी तावातावाने आला, की मान वर न करता त्या म्हणत, "एका बाटलीवरून मी गाईला नावं ठेवत नाही. तुम्हीही मला ठेवू नका. महिनाभर आणा, मग बोलू."

त्यांचे यजमान आर्विड आमच्या गावच्या बेसबॉल संघाची स्कोअरची वही लिहायचे. एकाहत्तरच्या हिवाळ्यात ते हृदयविकाराने गेले. बर्फ वितळल्यावर आमचा मॅनेजर लेस्टर वही परत मागायला गेला, तर बाई म्हणाल्या, "वही इथेच राहील. मी लिहीन."

"अहो, पण तुम्हाला या खेळातलं काय कळतं?"

"काही नाही. ओरिनला पाठव."

ओरिन म्हणजे मी. संघाचा कॅचर. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून समोरून आलेला चेंडू पकडायचा, आणि कुठला चेंडू टाकायचा ते पिचरला बोटांनी खुणावायचं, हे माझं काम. दोन रविवार मी बाईंच्या स्वयंपाकघरात बसून त्यांना वहीत लिहायच्या खुणा शिकवल्या.

सुरुवातीला त्यांना खेळ अजिबात आवडला नाही. "निम्मा वेळ तुम्ही नुसते उभेच असता रे," त्या म्हणायच्या. मग जूनमधल्या एका दुपारी, सामना संपल्यावर, त्यांनी मला वही दाखवून विचारलं, "ओरिन, मैदानावर कोण चांगला, हे यात कुठे कळतं?"

"हे बघा ना, चुकांचे रकाने. हातातला चेंडू सोडला की चूक. ज्याच्या चुका कमी, तो चांगला."

बाई म्हणाल्या, "आणि जो चेंडूपर्यंत पोचलाच नाही, त्याची चूक कशी लागणार?"

चौदा वर्षं मी हा खेळ खेळत होतो आणि हा प्रश्न कधी मनाला शिवला नव्हता.

पुढच्या रविवारपासून वहीबरोबर त्यांच्या मांडीवर बटर पेपर दिसायला लागला, डेअरीत लोणी गुंडाळायचा तोच. त्यावर मैदानाचा आराखडा. झेललेल्या चेंडूला ठिपका, जमिनीवर पडलेल्याला फुली. आणि चेंडू टाकण्याआधी मैदानाच्या मागच्या भागातला मधला खेळाडू कुठे उभा होता, तिथे एक बारीक रेघ. प्रत्येक सामन्याला नवा कागद. पोरं चिडवायची, "बाई, स्वेटरचा नमुना काढताय का?" बाई म्हणायच्या, "हो. तुझ्या मापाचा."

असा तिसरा उन्हाळा आला. चौऱ्याहत्तरच्या जुलैत लेस्टरने ठरवलं, की एल्मर कुचेराला बसवायचं. एल्मर मैदानाच्या मागच्या भागात, अगदी मध्यावर उभा राहायचा. वय सदतीस, चाल बैलासारखी. तो नसला की त्या जागी डॅरिल खेळायचा, आणि आता कायमचा तोच हवा होता सगळ्यांना. डॅरिल वीस वर्षांचा, हरणासारखा पळायचा, सूर मारून चेंडू पकडायचा, आणि बाकांवरच्या बायकासुद्धा उठून ओरडायच्या. एल्मरसाठी कुणी ओरडल्याचं मला आठवत नाही.

सामन्यानंतर आम्ही मैदानाजवळच्या लाकडी टेबलाशी सॉसेज खात बसलो होतो. लेस्टरने निर्णय सांगितला. एल्मर खाली बघत म्हणाला, "बरोबर आहे. मी हळूच आहे."

तेवढ्यात बाई आल्या. हातात कागदांची दोन भेंडोळी. "लेस्टर, जरा सरक. उन्हाच्या बाजूला."

त्यांनी डॅरिलचे कागद एकावर एक रचले आणि उन्हाकडे धरले. पारदर्शक कागदांतून तीन उन्हाळे एकदम दिसले. उजवीकडे आणि डावीकडे फुल्यांच्या दोन दाट पट्ट्या होत्या. मग त्यांनी एल्मरचे कागद धरले. तिथे त्याच पट्ट्यांमध्ये ठिपकेच ठिपके होते.

लेस्टरने हातातला सॉसेज खाली ठेवला.

"डॅरिलकडे एकशे चार चेंडू आले," बाई म्हणाल्या. "शंभरात एकसष्ट या हिशेबाने त्याने पकडले. एल्मरकडे दोनशे बारा. शंभरात चौऱ्याहत्तर."

"योगायोग असेल," लेस्टर म्हणाला.

"पहिल्या वर्षी मीही तेच म्हटलं. म्हणून तर तोंड उघडलं नाही. वीस ठिपक्यांना काही अर्थ नसतो. तीनशेंना असतो."

"पण बाई, डॅरिल दुप्पट वेगाने पळतो हो!"

"पळतो. कारण त्याला पळावं लागतं. या बारीक रेघा बघ. डॅरिलच्या सगळ्या एकाच जागी आहेत. एल्मरच्या बघ कशा पसरल्यात. फलंदाज बदलला की रेघ बदलते. एल्मर चेंडू सुटायच्या आधीच निघालेला असतो."

लेस्टरने एल्मरकडे पाहिलं. "काय रे, खरं का हे?"

एल्मर गोंधळला. "मी? मी कुठे हलतो? मी आपला उभा असतो."

त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं! लेस्टर मात्र हट्टाचा. "पुढचा एक रविवार," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांनी बघेन, मग ठरवेन."

त्या रविवारी मी आयुष्यात पहिल्यांदा एल्मरकडे पाहिलं. खरं तर कॅचरचं तोंड सगळ्या मैदानाकडे असतं. माझ्याइतकं समोरून त्याला कुणीच पाहिलेलं नव्हतं. मी पिचरला हळू चेंडूची खूण केली. तीनशे फुटांवर एल्मर माझ्या डाव्या हाताकडे दोन पावलं सरकला. सावकाश, गाय कुरणात सरकते तसा. माझी बोटं त्याला तिथून दिसत होती. फलंदाजाने घाईने बॅट फिरवली, चेंडू उंच डावीकडे गेला, आणि एल्मर त्याच्याखाली हात वर करून उभा होता, जणू चेंडूला तिथेच बोलावलं होतं. कुणी टाळी वाजवली नाही. सोपाच झेल वाटला सगळ्यांना. मी मात्र मुखवट्याआड तोंड उघडं टाकून बसलो होतो. त्या दुपारी असं अकरा वेळा झालं. जिथे मला रिकामं गवत दिसायचं तिथे सतत काहीतरी चाललेलं होतं.

सामना संपल्यावर लेस्टर पेन्सिल काढून यादी लिहायला बसला. पुढच्या रविवारच्या यादीत एल्मरचं नाव होतं.

एल्मर बाईंकडे गेला. टोपी हातात. "ते कागद परत दाखवता का?" बाकावर बसून त्याने ते बराच वेळ पाहिले. मग एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा कधीचा?"

"बहात्तर, नऊ जुलै. सातवा डाव. फलंदाज डावखुरा, उंच, लाल मोज्यांचा."

"वारा होता त्या दिवशी," एल्मर म्हणाला. मग दुसरा ठिपका. मग तिसरा. ऊन उतरेपर्यंत दोघं तिथेच बसले होते. त्याची बायको गाडीतून हॉर्न वाजवून थकली, शेवटी उतरून आली, आणि तीही वाकून बघायला लागली. "हे सगळे याने पकडले?" ती म्हणाली. "घरी तर कधी बोलला नाही."

त्या वर्षी आम्ही जिल्ह्याच्या स्पर्धेपुढे जाऊ शकलो नाही. आमची फलंदाजीच रडकी होती. दोन वर्षांनी एल्मरचा गुडघा गेला आणि जागा डॅरिलकडेच आली. पण मधली दोन वर्षं सरावाच्या वेळी डॅरिल एल्मरच्या पाठीमागे दहा पावलांवर उभा राहायचा, तो सरकला की सरकायचा. त्याचं सूर मारणं कमी झालं. बायका म्हणायच्या, पोरगा सुस्तावला.

बाईंनी एकोणनव्वदपर्यंत वही लिहिली. शेवटच्या उन्हाळ्यात मोतीबिंदूमुळे त्यांना लांबचं दिसत नव्हतं. प्रत्येक डाव संपला की डॅरिल, आता पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप, धापा टाकत त्यांच्या खुर्चीशी यायचा आणि सांगायचा, "बाई, पहिल्या फलंदाजाला सहा पावलं उजवीकडे. दुसऱ्याला होतो तिथेच."

"आणि चेंडू?" मी विचारायचो.

"पकडला."

"ते नंतर," म्हणत बाई आधी रेघ ओढायच्या.