जहाजावरून आलेला कुकर

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, भर जेटीवर, माझ्या आत्याला चोर ठरवण्यात आलं. त्याच सकाळी तिच्या बोटीने एका जहाजावरची सगळी माणसं जिवंत किनाऱ्याला आणली होती. मधल्या वेळात कायदा जेवून आला असावा.

इंजिन बंद पडलेलं ते मालवाहू जहाज वाहवत आरे-वारेच्या खडकांकडे निघालं होतं. नांगर टाकलेला, पण तो तळ धरत नव्हता; दांडगं कुत्रं मालकाला ओढतं तसं जहाज त्याला ओढत चाललं होतं. बंदरात वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा, म्हणजे बोटींना समुद्र बंद. जहाज ओढून नेणारा टग 'निघालाय' असं कळत होतं. आमच्याकडे टग आणि चौपदरी रस्ता, दोन्ही कायम येतच असतात.

मी जेटीवर पत्रकं वाटत होतो : 'जहाजातलं तेल सांडलं तर जबाबदार कोण?' आत्याने गठ्ठा हिसकावला आणि मासळीच्या टोपलीखाली कोंबला.

"मेल्या, तिकडची माणसं काय तुझे कागद धरून तरंगणार? चढ बोटीत!"

बोट हाकणारा तांडेल चाचरला. "वहिनी, बावटा लागलाय."

"बावट्याला सांग, मी पाठवलंय म्हणून."

समुद्रातली माझी कामगिरी एवढीच की मी ओकलो. काम केलं ते तांडेलाने. त्याने बोट जहाजाच्या आडोशाला घातली. बोटीच्या कडेला टांगलेले टायर जहाजाच्या पत्र्यावर किंचाळत होते. दोरीच्या शिडीवरून एकेक खलाशी उतरायचा, लाटेने बोट वर उचलली की तांडेल "आत्ता!" म्हणून ओरडायचा आणि खलाशी उडी टाकायचा. चुकला तर मधे चेंगरला. कोणी चुकलं नाही. कप्तानाच्या आधी उतरला आचारी, लुंगीने पोटाशी कुकर बांधून. त्याला वरून कप्तानाने शिव्या घातल्या, खालून आम्ही. बोटीत बसल्यावर त्याने झाकण काढलं. खिचडी. अजून गरम. मग शिव्या बंद झाल्या आणि सगळ्यांचे हात आत गेले. माझाही.

जेटीवर आचाऱ्याने रिकामा कुकर आत्याच्या हातात ठेवला. "रख लो, माँ," म्हणाला आणि पाया पडला. तासाभरात कंपनीची बस आली नि सगळ्यांना घेऊन गेली. टगही आला, जहाजाला दोर लावून घेऊन गेला. दुपारी मत्स्य खात्याचे साहेब आले. त्यांच्या अहवालानुसार खलाशी टगने सुखरूप उतरवले. आणि आमची बोट? ती म्हणे बावटा धाब्यावर बसवून जहाजावरचा माल पळवायला गेली होती. माल म्हणजे कुकर. साहेबांनी तो पिशवीत घालून सील केला.

"अहो साहेब," आत्या म्हणाली, "लुटायचंच होतं तर शिट्टी नसलेला कुकर कशाला आणू?"

सगळी जेटी हसली. साहेब हसले नाहीत. बोटीचा परवाना निलंबित.

हंगाम आत्ता कुठे सुरू झालाय आणि आत्याची बोट दोराला बांधलेली आहे. ती दुसऱ्यांच्या बोटीवरची मासळी विकत घेऊन बाजारात बसते. तांडेलाला दुसरीकडून बोलावणं आलंय. तो अजून "बघू" म्हणतो. तो गेला तर परवाना मिळूनही बोट कोण नेणार? कार्यालयात रोज एकच उत्तर : पुरावा आणा.

पुरावा तुमच्या खिशात आहे. त्या सकाळी आरे-वारेच्या चढावर गाड्या लावून भजी खात तुम्हीच उभे होतात ना? जहाजाकडे पाठ करून व्हिडिओ काढत होतात. नीट बघा, तुमच्या गालामागे जहाजाला चिकटलेली एक निळी बोट दिसेल. ती आत्याची. शिडीवरून उतरणारी माणसंही दिसतील.

व्हिडिओवर गाणं चिकटवलंत, हरकत नाही. मूळ व्हिडिओ शोधा आणि जेटीवर आत्याला आणून द्या. लाइक नकोत. तुम्ही या.